वासराची जीभ आणि काकूची फणी

माझ्या डोक्यावर बंद्या रुपयाएवढी चाई पडली आणि घरात आळ आला तो धाकट्या काकूवर. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील. काकू नुकतीच लग्न होऊन देवरीकडून आमच्या केशोरीजवळच्या गावी आलेली. आल्या आल्या तिनं मला ताब्यात घेतलं. रोज दुपारी ओसरीवर बसवून तेल लावायची, वेणी घालायची. धानाच्या कामातून आईला माझ्या केसांकडे बघायला सवड कुठली? म्हणून काकू म्हणजे माझा जीव की प्राण.

आणि सगळ्यांचा डोळा नेमका तिच्याच फणीवर. माझे केस मुळाशी तुटले, मग खपली धरली, खाज तर अशी की बाप्पा! शेजारच्या पोरीच्या डोक्यातही तसाच चट्टा उठला. झालं, गल्लीनं निकाल देऊन टाकला: नवी सून माहेराहून रोग घेऊन आली.

घरात शब्द चालायचा मोठ्या आईचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या वहिनीचा. तोंडाची भारी फटकळ. "काऊन गे, तुह्या माहेरी सारेच टकले हायेत का? पोट्टीचं डोस्कं नासवलं!" काकू मान खाली घालून उभी. मला असा संताप यायचा!

औषधही मोठ्या आईचंच. गाईच्या जिभेत औषध असतं असं आमच्याकडे म्हणत. आमची गाय मारकी, म्हणून मोठ्या आईनं काकूच्या लग्नाच्या सुमारास आपल्या भावाकडून आणलेलं लाडकं वासरू पुढे केलं; त्याच्या गळ्यात तर मी आधीपासूनच पडायची. रोज सकाळी मी मान वाकवायची आणि ते खरखरीत जिभेनं माझा चट्टा चाटायचं. त्याच्या डोळ्यांभोवती पांढरट खपल्या होत्या, पण वासराचं तोंड कोण निरखून बघतो? चट्टा मात्र पसरतच चालला.

शेवटी गोंदियाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. मोठी आई, काकू आणि मी. स्टेशनावर जायच्या बैलगाडीत काकूची पेटीही चढली तेव्हा मी पेटीची कडी घट्ट धरूनच बसले. डॉक्टरांनी काकूचा दोष सांगितला की तिला तिथूनच देवरीच्या बसमध्ये बसवून द्यायचं, असं मोठ्या आईनं ठरवलं होतं. आणि काका? काका गोठ्यात जाऊन बसले. बैलाला निदान शिंगं असतात, आमच्या काकांना तीही नव्हती.

डॉक्टरांनी माझं डोकं पाहिलं. मग काकूचे केस बाजूला सारून सारून भिंगानं तपासले. "इसके सिर में तो कुछ नहीं है," म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर मोठ्या आईच्या मनगटावर गेली. तिथं लालसर गोल कडं उठलेलं. मोठ्या आईनं लगेच पदर ओढला.

"घर में बछड़ा है क्या?"

मीच ओरडले, "हाये ना! रोज माहं डोस्कं चाटते!"

डॉक्टर हसतच सुटले. म्हणाले, हे वासराचं गजकर्ण. त्याच्या अंगावरून माणसाला लागतं, मग एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या. फणीनं, दुपट्ट्यानं, डोक्याला लागेल त्या कशानंही. शेजारच्या पोरीचं कोडंही सुटलं. विहिरीवरून पाणी आणताना आम्ही दोघी घागरीखाली एकच चुंबळ घेत होतो. डॉक्टरांनी बजावलं, केस कापा, मलम लावा, वासराला दूर बांधा, आणि ज्याची फणी त्यानंच वापरा.

"आन् पोट्टीचे केस?" मोठ्या आईनं हळूच विचारलं.

"आ जायेंगे, माँजी."

हुश्श! मला रडूच फुटलं. केसांचं नव्हे, पेटीचं. बाहेर देवरीची बस उभी होती. मोठी आई बसकडे न बघता म्हणाली, "चाला घरी." पेटी तिनं स्वतःच्याच डोक्यावर घेतली. चुकलं, असं काही ती म्हणाली नाही. म्हणणारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू ओसरीवर बसली होती. मोठी आई आली, तिच्यापुढे पाठ करून बसली आणि अंबाडा सोडला. "घाल माही वेणी."

काकूनं घाबरत आपली फणी उचलली.

"ते नोको. डाक्तर काय बोलला? हे घे, माही फणी. आन् हळू वढजो, मी का वासरू होये?"

त्या घरात काकूला मोठ्यानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.