वायरचं मोकळं टोक

भिसेगावातल्या त्या म्हातारीचं नाव मी विचारलंच नाही. मुंबईला गेलेल्या तिच्या मुलानं मला तिचा टीव्ही दुरुस्त करायला पाठवलं होतं. पडद्यावर बातम्या देणाऱ्या बाईशेजारी त्या बाईचीच फिकट सावली दिसायची. अँटेनाची एक वायर मुलाच्या बंद खोलीत नेलेली होती. तिच्या मोकळ्या टोकाला सिग्नल आपटून माघारी यायचा आणि चित्र दुहेरी व्हायचं. सिग्नल तिथंच जिरावा म्हणून मी टोकाला छोटा रेझिस्टर जोडला. सावली गेली.

म्हातारी पदर बोटाला गुंडाळत पडद्याकडे बघत राहिली.

"काढ रं ते," ती म्हणाली. "दोघी हुत्या, बरं वाटायचं. आता तीबी एकटीच."

मी रेझिस्टर काढला आणि मुलाला कळवलं, टीव्ही ठीक आहे.