शून्य रुपयांचं तिकीट

मूल गावाहून माझ्या शेताकडे जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर रोज भेटतो, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कानावर पेन, शर्टाचं एक बटण गायब, आणि बोलणं संपवताना ‘का नाई?’. मला पंचाहत्तर पूर्ण झाल्यापासून प्रवास फुकट आहे. तरी तो शून्य रुपयांचं तिकीट दोन्ही हातांनी पुढे करायचा आणि मी ते चुरगाळून म्हणायचो, ‘कागद वाया!’ तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं होतं ना मी!

परवा जंगलातल्या थांब्यावर एक म्हातारी तिकीट न घेताच उतरली. गाडी थांबवून ठेवून तो तिच्यामागे धावला आणि तिच्या हातात तसलंच तिकीट देऊन आला. मी मोठ्यानं हसलो.

‘सर,’ तो धापा टाकत म्हणाला, ‘या तिकिटावरून सरकार तिचं भाडं भरते. तिकीट नाई, तं कागदावर बुढी गाडीत बसलीच नाई. गाडी रिकामी दिसली, तं फेरी बंद. मंग दवाखान्यात पायीच जा लागंल तिले, का नाई?’

मी माझं तिकीट गुपचूप सरळ करून खिशात ठेवलं.

‘तुमी कॉलेजात काय शिकवत होते, सर?’ त्यानं विचारलं.

‘मराठी,’ मी म्हणालो.