माठातून सांडणारं पाणी

इंद्रपुरीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात ह्यांनी एक कारंजं केलं होतं. कारंजं म्हणजे काय, तर सिमेंटचं टाकं, त्यात विटांवर कलता ठेवलेला माठ आणि कूलरचा जुना पंप. पंप पाणी माठात चढवायचा, माठ ते पुन्हा टाक्यात सांडायचा. उभा जन्म कारखान्यात अजस्र यंत्रं जुळवणाऱ्या माणसाला या एवढ्याशा धारेचं फार कौतुक. आम्ही दोघंही कमी बोलणारी. संध्याकाळी दोन खुर्च्या, दोन पुस्तकं, आणि बोलायचं काम पाण्याकडे.

हिवाळ्यात हे गेले. उन्हाळ्याच्या तोंडाशी कडुलिंबाची पानं टाक्यात साठली आणि पंपही बंद पडला. मी मागचं दार उघडेनाशी झाले. पाण्याचा आवाज नसताना तिथे बसणं म्हणजे नुसतं रिकाम्या खुर्चीसमोर बसणं. मला ते कारंजं परत हवं होतं.

मी तसं बोलून दाखवल्यावर ह्यांचे कारखान्यातले दोन निवृत्त सहकारी आले. या वसाहतीत साधा बल्ब बदलायलाही दोघं येतात. एक काम करतो, दुसरा ते तपासतो.

"वहिनी, हा पंप गेला," एकाने न उघडताच निकाल दिला.

"आणि मुळात होताच लहान," दुसऱ्याने तपासून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते गोविंदपुऱ्याच्या बाजारातून नवा पंप घेऊन आले. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवेल एवढा दणकट.

"माठाला झेपेल ना?" मी दबकत विचारलं.

"वहिनी, हाताशी ताकद थोडी जास्तच असावी."

बटण दाबलं. माठातून पाण्याचा खांब उभा राहिला आणि भिंत ओलांडून शेजारी कोसळला. तिथे मूळ नागपूरच्या शेजारीणबाईंच्या कुरडया वाळत होत्या.

भिंतीवर त्यांचं डोकं उगवलं. "काय हो भाऊजी, गहू भिजवायचे दिवस संपले माझे! आता वाळवायचे चालू आहेत!"

"प्रेशर जरा जास्त झालं," एक जण पुटपुटला.

"जरा? थांबा, कावळे हाकलायची काठी आणते, मग दाखवते प्रेशर!"

मी हसले. चांगली मोठ्याने. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. सगळे आधी माझ्याकडे बघत राहिले, मग तेही हसले.

नवा पंप उचलून ते गेल्यावर मी जुना उघडला. ह्यांना दर रविवारी करताना बघितलं होतं: जाळी काढायची, जुन्या टूथब्रशने घासायची. जाळी कडुलिंबाच्या काड्यांनी गच्च भरली होती. घासून लावल्यावर पंप आधी खाकरला, मग माठ पूर्वीसारखाच थांबत थांबत सांडू लागला. एक बुलबुल टाक्याच्या काठावर उतरला, आजूबाजूला बघून अंघोळीला लागला.

संध्याकाळी शेजारीणबाई तळलेल्या कुरडया घेऊन आल्या. "तुमच्या पुरातून वाचलेल्या," म्हणाल्या. मग ह्यांच्या खुर्चीपाशी थबकल्या. "इथे बसू?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला. तेवढा वेळ पाणी बोलत राहिलं.

"बसा ना," मी म्हटलं.

त्या काही कमी बोलणाऱ्यांतल्या नाहीत. पाण्याला त्या संध्याकाळी फारसं काम उरलं नाही.