दोरी धरण्याची मजुरी

फांदीमामा झाडाकडे पाठ करून भाव सांगायचे. आमच्या हडपसरच्या सोसायटीत ते पहिल्यांदा आले, तेव्हा सेक्रेटरी या नात्याने मी त्यांना पार्किंगवर झुकलेला, छाटून घ्यायचा गुलमोहर मोठ्या हौसेने दाखवला. त्यांनी एकदा मान वर केली आणि मग दहा मिनिटं ते जमिनीवरच फिरत राहिले. खाली कोणाच्या गाड्या असतात, शेडचा पत्रा किती जुना आहे, विजेची तार कुठून जाते, पहिल्या मजल्यावर कोण राहतं आणि ते भांडकुदळ आहे का, एवढं विचारून झालं. "झाडाचं काय, ते हाय तिथं उभं हाय," ते म्हणाले. "ते पडणार कशावर, त्याचे पैसे." पहिल्या मजल्यावर आमचे चेअरमन राहतात आणि ते भांडतात, हे कळल्यावर त्यांनी पाचशे रुपये वाढवले. मला ते रास्तच वाटले.

साठीला टेकलेला, काटकुळा माणूस. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर दोरखंडाचं भेंडोळं, कमरेला करवत. राहायला मांजरीत. महापालिकेचा परवानगीचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय करवतीला हात लावायचे नाहीत. आणि मामींशिवाय झाडावर चढायचे नाहीत. मामा वर, मामी खाली. कापायची फांदी आधी दोरीने बांधायची, ती दोरी वरच्या बेचक्यातून खाली आणायची, बुंध्याला दोन वेढे द्यायचे आणि टोक मामींच्या हातात. फांदी सुटली की मामी ती पाळण्यातलं मूल उतरवावं तशी खाली उतरवायच्या. या कामाचे मामी मामांइतकेच पैसे घेत. खाली नुसतं उभं राहणाऱ्या बाईला तेवढेच कसे, असं चेअरमननी विचारलं होतं. "वर मी एक फांदी बघतो," मामा म्हणाले. "ती मला बघती, फांदीला बघती, अन् तुमच्या गाडीलाबी बघती. खरं तर तिलाच जास्त द्याया पायजेत, पण मग घरात माझं कोण ऐकंल?"

घासाघीस करणाऱ्यांचा त्यांना राग नव्हता, उलट त्यात त्यांना रस होता. कसबा पेठेतल्या एका गृहस्थांचा किस्सा ते आवडीने सांगत. बोळात उंबर, दोन्ही बाजूंनी भिंती, खाली स्कूटरसुद्धा वळत नाही. भाव ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "अहो, झाड आमचं, फांद्या आमच्या, बोळ आमचा. आपण फक्त कापणार. मग पैसे कसले?" मामांनी हात जोडले. "बरोबर हाय. समदं तुमचंच. पडणारा तेवढा मी." गृहस्थांनी पैसे दिले, पण चहा विचारला नाही.

कापलेलं लाकूड घेऊन जा आणि तेच पैसे समजा, असं सांगणारेही पुष्कळ भेटत. मामा त्यांना शांतपणे टेम्पोचं भाडं विचारत. मग आपला हिशेब बोटांवर मांडत. मी, ती, दोरखंड, टेम्पो आणि भीती. भीतीचे वेगळे पैसे लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. "ती कमी झाली की भाव कमी करीन," म्हणायचे, "पण वय वाढंल तशी वाढतीच हाय."

न कापण्याचेही ते पैसे घेत. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना अख्खा गुलमोहर काढून हवा होता, कारण बाल्कनीत पानं पडतात. मामा म्हणाले, "केस गळत्यात म्हणून कुणी मुंडकं उतरवतं का वहिनी?" आणि तीनशे रुपये मागितले. कशाचे? हे सांगायला मांजरीहून आल्याचे. बाईंनी दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं, त्यामुळे सोसायटीला ते तीनशे फार महाग पडले असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांनी गुलमोहराच्या छाटणीचे अकरा हजार सांगितले. मीटिंगमध्ये गदारोळ झाला. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेला माणूस. समोरच्याची नड कुठे आहे हे हुंगून काढण्यात माझी हयात गेली. मामींच्या बोलण्यातून मला कळलं होतं की मुलीची नर्सिंगची फी त्याच आठवड्यात भरायची आहे. मी छातीठोकपणे सांगितलं, "आठ हजार. हवं तर घ्या, नाहीतर दुसरा बघतो." मामांनी बराच वेळ बोटं मोजली. दोरखंड कमी होईना, टेम्पो कमी होईना. शेवटी म्हणाले, "जमतंय. पण मग ती येनार न्हाई. तिला दुसरीकडं कामाला धाडतो. दोरी कोण धरनार?"

त्यांनी सरळ विचारलं होतं. मला नीट समजलं होतं. तरी मी म्हणालो, "त्यात काय एवढं? मी धरतो की."

त्या दिवशी सकाळी मी पांढरे बूट घालून गेलो होतो. मामांनी मला बुंध्याजवळ उभं केलं, वेढे देऊन दाखवले आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली, "मी हो म्हणेस्तवर दोरी ढिली सोडू नका सायेब." दोन फांद्या छान उतरल्या. मला तर वाटायला लागलं की मी उगाच बँकेत गेलो. तिसरी फांदी निम्मी कापून झाली होती, तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. चाळीस वर्षांची सवय, फोन वाजला की उचलायचा. मी एक हात दोरीवरून काढला. पलीकडून एक मुलगी विचारत होती की मला कर्ज हवं आहे का.

दोरी सैल पडली, फांदी कडाडली आणि तिचा जाड बुडखा गर्रकन फिरून मामांच्या उजव्या खांद्यावर बसला. कमरेच्या दोरीमुळे ते खाली पडले नाहीत. तिथेच लोंबकळत राहिले आणि तशा अवस्थेत त्यांनी मला पहिली हाक काय मारली असेल? "सायेब, गाडीला लागलं का?"

गाडीला लागलं नव्हतं. मामांचा खांदा मात्र मोडला. इस्पितळाचा खर्च सोसायटीने द्यावा म्हणून मी मीटिंगमध्ये अडीच तास भांडलो आणि तो मिळवला. माझं कौतुक झालं, त्याची मला लाज वाटली. डॉक्टरांनी सांगितलं, हात डोक्याच्या वर पुन्हा जाणार नाही. म्हणजे झाड संपलं.

महिन्याभराने मी पाकिटात तीन हजार घालून मांजरीला गेलो. उसाच्या शेताला लागून नव्या इमारतींची रांग आणि तिच्या मागे यांची पत्र्याची खोली. मामा गळ्यात हात बांधून खुर्चीवर बसले होते. मला पाहून उठायला लागले, ते मला बघवेना. मी पाकीट मामींपुढे धरलं आणि म्हणालो, "मामी, हे तुमचे. तेव्हाच द्यायला हवे होते."

त्यांनी ते उघडून पाहिलं, परत बंद केलं.

"कशाचे?"

"त्या दिवसाची तुमची मजुरी."

"म्या त्या दिवशी आलेच न्हाई की. न गेल्या कामाचे पैसे घेत न्हाई आमी."

"अगं, घे," मामा म्हणाले. "सायेब एवढ्या लांबनं आल्यात."

मामींनी पाकीट माझ्या हातात परत ठेवलं. आवाज चढवला नाही, चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. "दोरी तुमी धरली हुती ना सायेब? मग मजुरीबी तुमचीच."

चहा मात्र त्यांनी पाजला. साखर जास्त घातलेला, पाहुण्याला घालतात तसा. मी तो कसाबसा संपवला आणि रस्त्यावर आलो. एक रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने माझ्याकडे, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि हडपसरपर्यंतचे चक्क दुप्पट पैसे सांगितले.

मी गुपचूप आत बसलो.