चाचांचा कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, कोण जाणे.

अकोल्याचे करीमचाचा हातानं स्पीकर बनवायचे. सागवानी खोकी, आत स्वतः गुंडाळलेल्या तारेच्या कॉइल. पॅसिव्ह — म्हणजे ॲम्प्लिफायर बाहेर, वेगळा. त्यांच्याच हाताखाली शिकून मी अमरावतीत दुकान टाकलं आणि ॲक्टिव्ह स्पीकर विकू लागलो. नुसता ॲम्प्लिफायर आत कोंबलेले पॉवर्ड नव्हेत. यांत जाड आणि बारीक आवाज आधी वेगळे होतात, मग प्रत्येकाला आपापला ॲम्प्लिफायर. चीज चांगलीच होती. लबाडीची गरज तरी होती का?

पण कापसाचे भाव पडलेले, अख्ख्या वऱ्हाडाची रया गेलेली. स्पीकर घेतो कोण? अशात अकोल्याच्या एका संगीत शाळेनं आम्हा दोघांना बोलावलं. एकच सीडी दोन्ही जोड्यांवर वाजवायची, कानाला बरी वाटेल ती घ्यायची.

व्हॉल्यूमचं बटन माझ्या हाती होतं. माझ्या जोडीच्या वेळी मी ते केसभर पुढे सरकवलं. जरा मोठं वाजलेलं माणसाला जास्त साफ वाटतं — हे चाचांनीच शिकवलेलं.

चाचांनी लगेच ओळखलं. सगळ्यांसमोर, शांतपणे म्हणाले, "दोघायचा आवाज बराबर कर, बेटा. तुह्यावाला चढेल आहे."

बटन मागे घ्यायला काय लागत होतं? मी मात्र हसून म्हणालो, "चाचा, तुमचा कान गेला आता."

कुणीतरी हळहळलं. काम मला मिळालं.

एवढंच असतं तर धंद्यातली लबाडी म्हणून विसरलोही असतो. पण चाचांनी ते खरं मानलं. का नाही मानणार? शागीर्द होतो मी त्यांचा. त्यानंतर प्रत्येक जोडी ते शेजाऱ्यांना ऐकवायचे, बरोबर वाजते का विचारायचे. मग बनवणंच कमी झालं.

दोनेक वर्षांनी भेटायला गेलो, तर त्यांनी नवी जोडी लावली. म्हणाले, "मले डावा दबून राहिला वाटते. पण माह्या कानाचा भरोसा नाही. तू सांग."

डावा दबलेलाच होता. तसं म्हणालो असतो, तर — मागचंही सांगावं लागलं असतं.

"बराबर आहेत दोन्ही, चाचा."

त्यांनी मान हलवली. स्पीकर बंद केले. त्यानंतर एकही बनवला नाही.

चाचा आता नाहीत. त्यांचा कान शेवटपर्यंत शाबूत होता. मला ते माहीत होतं. त्यांना नव्हतं.