बाप हयात असताना मुलाचा गोटा

मंडळी, घरातलं कुणी टकलावर केस लावून घ्यायला निघालं असेल, तर आधी हे वाचा.

आज सकाळी बेल वाजली. दारात यशवंतपूरला राहणारा आमचा समीर. डोक्याचा गोटा, डोळे रडून सुजावेत तसे सुजलेले. आमच्या घरात मुलगा असा दिसतो तो बाप गेल्यावरच. आणि बाप आत इडली खात होता, बायपासमधून नुकता सावरलेला.

"आई, घाबरू नकोस. केस लावून घेतलेत. सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते, जाईल दोन-तीन दिवसांत."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलली असतीस."

बोललेच असते! क्लिनिकने ह्याला दाट केसांचे फोटो दाखवले. हा चेहरा, ह्या खपल्या कुणी दाखवल्या का?

तेवढ्यात हे बाहेर आले. समीर एरवी वाकून नमस्कार करतो. आज ताठ उभा राहिला. "अण्णा, सध्या डोकं खाली करायचं नाहीये."

हे त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. मी गेल्यावर कसा दिसशील, तेवढं बघून झालं. बरा दिसतोस!"

दोघंही हसले. मला हसू आलं नाही.

लावलेले केस म्हणे आधी गळतात आणि काही महिन्यांनी नव्याने येतात. दुपारपासून बापलेक मॅच बघताहेत. समीरचं डोकं दिसलं की माझी नजर ह्यांच्या छातीकडे जाते, हलतेय ना ते बघायला. इतके महिने कसे काढायचे, सांगाल कुणी?