शेवटच्या प्रकरणातलं दही

अकोल्याच्या शाळेत नोकरी लागली आणि मी पुस्तक लिहायला घेतलं, आमच्या मायवर. कथा रचणं आपल्याला जमायचं नाही, म्हणून जे घडलं तेच लिहायचं ठरवलं. घडलेलं तर ठाऊकच असतं, त्यात काय अवघड? हा शहाणपणा मला पुढे कित्येक वर्षं पुरला.

खोली कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे होती. हंगामात कापसाचे तंतू खिडकीतून येऊन कागदावर बसत. शाळा सुटल्यावर बोलायला कोणी नसे. खानावळीत जेवायचं, खोलीवर यायचं आणि मायला बोलतं करायचं. मला नोकरी लागल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली होती. पण कागदावर ती मोर्शीच्या माहेरची बढाई मारी, शेजारणीशी भांडे, मला रागवे. मला तिचं ते रागावणं हवं असायचं. शेवटचं प्रकरण जवळ आलं की मी मध्येच एखादं नवं घुसडायचो, कारण ते लिहिलं की खोलीत मी एकटाच उरणार होतो.

अखेर पुण्याच्या एका प्रकाशकाने कळवलं, दिवाळीनंतर लगेच सगळं पाठवा, नाहीतर राहू द्या. मग नाइलाजाने आमची शेवटची भेट लिहिली. मी अमरावतीहून अकोल्याला निघालो, माय उंबऱ्यात आली, माझ्या हातावर दही ठेवलं, मी म्हणालो, येतो. गावाला निघालेल्या माणसाला दही दिल्यावाचून ती कधी सोडत नसे. लिहिताना रडलो, आणि खरं सांगतो, ते प्रकरण मला फार आवडलं.

दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीला थोरल्या बहिणीकडे गेलो. पुस्तक वाचून दाखवावं असं माणूस तेवढंच होतं, आणि मायच्या शेवटच्या दिवसांत तीच जवळ होती. ताई गहू निवडत ऐकत होती. दह्यापाशी तिचा हात थांबला.

"त्या दिशी दही कुठी होतं रे? विरजनच लागलं नवतं."

मी म्हटलं, मला चांगलं आठवतं, अजून चव आहे जिभेवर. चव असेल, पण ती मागच्या खेपेची, असं म्हणून तिने सूप बाजूला सारलं.

"तू बडनेऱ्याच्या मोटारीसाठी निंगाला, अन् माय शेजारून वाटीभर दही घेऊन आली. तुह्या मांगं नाक्यापावतर गेली. मोटार गेली होती. मंग ती वाटी तिनं झाकून ठेवली. सांजपावतर कोनाले हात लावू देला नाही."

मला आजवर का सांगितलं नाहीस, असं विचारलं, तर मायनेच नको म्हटलं होतं.

"म्हने, लेक तिकडं एकटा रायते. त्याले नोको सांगू."

अकोल्याला परतलो. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, तसं सगळं बाड पुन्हा वाचलं. आठवण म्हणून जे लिहिलं होतं, त्यातलं कितीतरी नुसती सवय होती. ती नेहमी करायची, म्हणून त्या दिवशीही केलंच असणार. पुष्कळ खोडलं. शेवटचं प्रकरण फाडून नव्याने लिहिलं, तर ते जेमतेम पानभर झालं. त्यात मी नाहीच. माय आहे, नाका आहे, वाटी आहे. त्यापुढे एक ओळही घालता येईना, तेव्हा पुस्तक संपल्याचं कळलं. फार एकटं वाटलं. कुणाला सांगावं ते न सुचून मी कंदिलाची काच पुसत बसलो.

सकाळी बाड कापडात शिवून पोस्टात निघालो. खानावळीतून वाटीभर दही आणून ठेवलं होतं. दारात उभा राहून त्यातलं चमचाभर स्वतःच्याच हातावर घेतलं आणि खाल्लं. बाकीचं झाकून ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्याला हात लावणारं तिथे कोणीच नव्हतं.